केळकरांच्या शिफारशींचा सोयीचा अर्धा भाग

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे मुख्य दर चारांवरून दोनांवर आले. बहुतेक वस्तू आता ५ किंवा १८ टक्क्यांत बसतात आणि चैनीच्या व घातक मानल्या गेलेल्या वस्तूंसाठी ४० टक्क्यांचा वेगळा दर आहे. सुधारणा स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. मात्र ज्या आराखड्याच्या दिशेने ती एक पाऊल सरकते, तो तेराव्या वित्त आयोगाने, म्हणजे केंद्र व राज्यांतील करवाटप सुचवणाऱ्या घटनात्मक आयोगाने, डिसेंबर २००९ मध्येच सादर केला होता. एकच दर, शक्य तितका रुंद करपाया आणि सवलतींची अगदी लहान यादी, असे त्याचे स्वरूप होते. आयोगाचे अध्यक्ष होते डॉ. विजय केळकर. आयोगाने नेमलेल्या कृतिदलाच्या हिशेबात केंद्राचे ५ आणि राज्यांचे ७ असे मिळून १२ टक्के पुरेसे ठरत होते. तेवढ्या अंतरापर्यंत आपण सोळा वर्षांनंतरही पोहोचलेलो नाही.

हा केवळ दिरंगाईचा मामला असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. सरकारी शिफारशींना उशीर होतच असतो. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत केळकरांच्या कोणत्या शिफारशी उचलल्या गेल्या आणि कोणत्या बाजूला पडल्या, हे एकत्र मांडून पाहिले तर त्यात एक ठरावीक वळण दिसते. सरकारची वसुली वाढवणारा, नोंदी पक्क्या करणारा, पळवाटा बुजवणारा भाग जवळपास सगळा स्वीकारला गेला. सरकारचे स्वतःचे हात बांधणारा भाग लांबणीवर पडला, पातळ झाला किंवा वगळला गेला. पक्ष बदलले तरी हे वळण बदलले नाही. माझ्या मते केळकरांच्या विचाराचे सर्वांत मोठे नुकसान त्यांच्या विरोधकांनी केलेले नाही, त्यांच्या अर्धवट अनुयायांनी केलेले आहे.

केळकर हे मूळचे अभियंते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले आणि बर्कले येथे अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवून परतले. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पेट्रोलियम सचिव, १९९८-९९ मध्ये अर्थसचिव, त्यानंतर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत कार्यकारी संचालक, मग अर्थमंत्री जसवंत सिंग यांचे सल्लागार आणि २००७ पासून तेराव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष, असा त्यांचा प्रवास आहे. काँग्रेस, संयुक्त आघाडी, भाजप अशा सर्व रंगांच्या सरकारांनी त्यांना काम दिले. आय. जी. पटेल, मनमोहन सिंग, बिमल जालान यांच्या परंपरेतले हे नाव आहे. विद्यापीठातून शासनात आलेल्या आणि तेथेच मुरलेल्या अर्थतज्ज्ञांची ही परंपरा आता क्षीण होत चालली आहे, हे जाता जाता नोंदवायला हवे.

भारतीय उदारमतवादाचा एक जुना प्रवाह शासनाच्या बाहेरचा होता. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतील तुटीच्या अर्थभरण्यावर १९५५ मध्ये भिन्नमतपत्रिका लिहिणारे बी. आर. शेणॉय हे त्याचे ठळक उदाहरण. त्यांचा विरोध तत्त्वाचा होता आणि त्या काळी तो एकाकीही होता. केळकरांचा उदारमतवाद वेगळ्या मातीतला आहे. तो बाजाराच्या प्रेमातून आलेला नसून फायलींच्या सहवासातून आलेला आहे. आपल्या राज्यसंस्थेला नेमके काय जमते आणि काय जमत नाही, याचा आतून घेतलेला अंदाज हा त्याचा पाया आहे. अर्थतज्ज्ञ अजय शहा यांच्यासह २०१९ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी हा विचार सविस्तर मांडला. बाजार कुठे अपयशी ठरतो हे दाखवून दिले म्हणजे सरकारी हस्तक्षेपाचे समर्थन पूर्ण होत नाही. ते अपयश दूर करण्याची क्षमता सरकारपाशी आहे का, हा प्रश्न त्यानंतर उरतोच, असे त्यांचे म्हणणे. ज्या कामात व्यवहारांची संख्या प्रचंड, अधिकाऱ्याला विवेकाधिकार (स्वतःच्या मर्जीने निर्णय घेण्याची मुभा) मोठा, पणाला लागलेले हितसंबंध जबर आणि कारभार गोपनीय, ते काम कोणत्याही राज्यसंस्थेला अवघडच. शिवाय सरकारने खर्च केलेला प्रत्येक रुपया समाजाला एका रुपयापेक्षा बराच महाग पडतो, कारण कर गोळा करताना आर्थिक व्यवहार वाकतात, काही होतच नाहीत. म्हणून सरकारने थोडी कामे करावीत आणि ती नीट करावीत.

या विचारात करप्रशासनाची सुधारणा आणि सरकारच्या विवेकाधिकाराची छाटणी ही एकाच युक्तिवादाची दोन टोके आहेत. ती तोडली की काय होते, हे प्राप्तिकराच्या इतिहासात पाहता येते. २००२ मध्ये प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष करांसाठी केळकरांच्या अध्यक्षतेखाली दोन कृतिदले नेमली गेली. त्यांचा गाभा साधा होता: दर कमी व थोडे ठेवा, सवलती काढून टाका आणि करविभागाची माहितीयंत्रणा आधुनिक करा. प्राप्तिकराची मर्यादा ५० हजारांवरून एक लाखावर न्यावी, त्यापुढे २० आणि ३० टक्के असे दोनच दर असावेत, प्रमाणित वजावट रद्द व्हावी आणि गृहकर्जावरील व्याजाची वजावट टप्प्याटप्प्याने संपवावी, अशा त्या सूचना होत्या. मध्यमवर्गात गदारोळ उठला तो अर्थातच शेवटच्या दोन मुद्द्यांवर.

यातील माहितीयंत्रणेचा भाग झपाट्याने अमलात आला. २००४ पासून करमाहितीचे राष्ट्रीय जाळे उभे राहिले, त्याचे काम विभागाबाहेरच्या संस्थेकडे दिले गेले, आणि आज पगारातून कापलेला कर, बँकेतील व्याज व समभागांची विक्री हे सारे आपल्या विवरणपत्रात आपोआप उमटते, याची मुळे तेथे आहेत. सवलतींचे मात्र काय झाले? प्रमाणित वजावट २००५ मध्ये गेली आणि २०१८ मध्ये परत आली. सूचीबद्ध समभागांवरील दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कर कृतिदलाच्या सूचनेच्या दिशेने २००४ मध्ये हटवला गेला आणि तोही २०१८ मध्ये परतला. संपत्ती कर रद्द व्हायला २०१५ उजाडले. सवलतींविना कमी दराची स्वतंत्र करप्रणाली २०२० मध्ये आली, पण जुनी प्रणाली तिच्या शेजारीच ठेवली गेली, त्यामुळे सुलभता आणण्याच्या नावाखाली करदात्याला दोन वेळा हिशेब मांडावा लागू लागला. २०२५ च्या अर्थसंकल्पाने १२ लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त केले. केळकरांनीही मर्यादा वाढवायला सांगितले होते, असा बचाव येथे होऊ शकतो. परंतु त्यांचा हेतू नगण्य वसुलीच्या विवरणपत्रांच्या पसाऱ्यातून यंत्रणा मोकळी करण्याचा होता, आणि बारा लाखांची मर्यादा हा करपाया अरुंद करण्याचा निर्णय आहे. दोहोंत गल्लत करू नये.

वस्तू व सेवा कराची कथा अधिक बोधक आहे, कारण तेथे केळकरांनी निव्वळ कररचना सुचवली नव्हती, राजकीय सौदा कसा करावा हेही सुचवले होते. सरकारी तुटीला मर्यादा घालणारा वित्तीय उत्तरदायित्व कायदा अमलात आणण्याविषयीच्या २००४ च्या अहवालात त्यांनी राष्ट्रीय वस्तू व सेवा कराची कल्पना मांडली, ती तूट कमी करण्याच्या आराखड्याचाच एक भाग म्हणून. तेराव्या वित्त आयोगाने पुढे जाऊन केंद्र व राज्यांमधील 'महासौद्या'चा मसुदा दिला आणि राज्यांसाठी ५०,००० कोटी रुपयांच्या प्रोत्साहन अनुदानाची तरतूद सुचवली. अट अशी, की कर आदर्श नमुन्याबरहुकूम असला पाहिजे; विलंब झाला तर रक्कम घटत जाईल. म्हणजे पैसे संमतीसाठी नव्हते, गुणवत्तेसाठी होते.

प्रत्यक्षात झालेला सौदा याच्या उलट होता. १ जुलै २०१७ रोजी आलेल्या करासाठी राज्यांना २०१५-१६ हे पायाभूत वर्ष धरून पाच वर्षे दरसाल १४ टक्के महसूलवाढीची हमी दिली गेली. कराचा आराखडा चांगला असो वा वाईट, हमी तीच. परिणाम अपेक्षितच होते. ५, १२, १८ आणि २८ टक्के, वर भरपाई उपकर, सोन्याला ३ टक्के, कच्च्या हिऱ्यांना पाव टक्का, आणि मग कोणता पदार्थ कोणत्या रकान्यात बसतो यावरचे न संपणारे वाद. पेट्रोल, डिझेल, कच्चे तेल, नैसर्गिक वायू, विमानाचे इंधन, वीज आणि पिण्याचे मद्य हे सारे बाहेर. कारखान्याने डिझेलवर भरलेला कर त्याच्या मालाच्या करातून वजा होत नाही आणि करावर कर चढण्याचा जो दोष काढण्यासाठी हा खटाटोप केला, तो अर्थव्यवस्थेच्या सर्वांत मोठ्या आदानात, म्हणजे इंधनात, तसाच राहिला. हमीचा हप्ता फेडण्याची वेळ महासाथीत आली तेव्हा केंद्राने हात वर केले. शेवटी दोन वर्षांत राज्यांच्या वतीने सुमारे २.६९ लाख कोटी रुपयांचे कर्ज काढावे लागले आणि ते फेडण्यासाठी भरपाई उपकराची मुदत वाढवावी लागली. २०१७ मध्ये दरांची जी गुंतागुंत स्वीकारली तिची किंमत पुढच्या आठ वर्षांत व्यापाऱ्यांनी, विशेषतः लहान व्यापाऱ्यांनी, मोजली.

एका गोष्टीचे श्रेय मात्र नाकारता येणार नाही. सर्व राज्यांना एका परिषदेत बसवून करांचे निर्णय घेणे ही संघराज्याच्या इतिहासातील असामान्य घटना आहे, आणि आदर्श करासाठी अडून बसले असते तर तीही घडली नसती, असे म्हणणाऱ्यांची बाजू मला पूर्णपणे चूक वाटत नाही. प्रश्न सौदा करण्याचा नव्हता. बदल्यात काय मागितले गेले, हा आहे.

याच आयोगाची आणखी एक शिफारस आज वाचताना अधिक टोकदार वाटते. उपकर आणि अधिभार यांचा एकूण करउत्पन्नातील वाटा कमी करण्याच्या दृष्टीने फेरविचार व्हावा, असे आयोगाने सांगितले होते. ही रक्कम राज्यांशी वाटून घ्यावी लागत नाही. राज्यांचा हिस्सा आयोगाने ३०.५ वरून ३२ टक्क्यांवर नेला, चौदाव्या आयोगाने तो ४२ टक्क्यांवर नेला, आणि त्याच काळात उपकर-अधिभारांचा केंद्राच्या करउत्पन्नातील वाटा साधारण एक दशमांशावरून २०२०-२१ पर्यंत सुमारे एक पंचमांशावर गेला. एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने राखून ठेवले गेले, आणि यासाठी घटनेचे एकही कलम मोडावे लागले नाही.

केळकरांच्या विचारावर दोन आक्षेप मला गंभीर वाटतात. पहिला त्यांच्याच कारकिर्दीतून निघतो. पेट्रोलियम सचिव असताना त्यांनी ज्या बदलांचा पाया घातला, त्यातून नव्या शोध परवाना धोरणाची वाट मोकळी झाली आणि तेल-वायूच्या शोधात खासगी कंपन्या आल्या. या धोरणाचा आधार उत्पादन-विभागणी करार हा होता: कंपनीने आधी आपला खर्च वसूल करायचा आणि मग नफ्यात सरकारला वाटा द्यायचा. खर्च खरा किती झाला, हे तपासण्याचे काम अर्थातच सरकारचे. व्यवहार गुंतागुंतीचा, हितसंबंध प्रचंड, माहिती कंपनीच्या हातात आणि तपासणाऱ्याला विवेकाधिकार मोठा. केळकरांच्या स्वतःच्या कसोटीवर हे काम राज्यसंस्थेच्या क्षमतेबाहेरचे ठरायला हवे होते. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूच्या प्रकरणात २०११ मध्ये महालेखापरीक्षकांनी ओढलेले ताशेरे आणि त्यानंतर लांबलेले वाद यांनी ते दाखवूनही दिले. रंगराजन समितीने महसूल-विभागणीची, म्हणजे खर्चाचा हिशेब न मांडता थेट उत्पन्नात सरकारला वाटा देण्याची, सोपी पद्धत सुचवली, पण पुढे याच विषयावर नेमलेल्या केळकर समितीने जुन्या करारांचीच बाजू घेतली. धोका पत्करणाऱ्या गुंतवणूकदाराला खर्चाची वसुली आधी मिळाली पाहिजे, हे त्यामागचे कारण अर्थशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष आहे. २०१६ मध्ये सरकारने अखेर महसूल-विभागणी स्वीकारली. येथे सरकारचा निर्णय केळकरांच्या अहवालापेक्षा केळकरांच्या तत्त्वाशी जास्त सुसंगत होता, असे मला वाटते.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. राज्यसंस्थेला जमत नाही म्हणून तिने करू नये, असे म्हटले तर तिला जमायला लागणार कधी? क्षमता काम करूनच येते. महाराष्ट्राचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात फोफावली, तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला गेला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि १९७९ मध्ये तो अमलात आला. लाखो मजुरांची हजेरी, मोजमाप, मजुरीवाटप, म्हणजे व्यवहारांची संख्या अफाट. त्या काळच्या तहसील कचेरीची तयारी पाहता कोणत्याही सावध सल्लागाराने नको म्हटले असते. तरीही योजना चालली. गैरव्यवहारांसह, खोट्या हजेरीपटांसह, पण चालली. आणि २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला तिने नमुना पुरवला. केळकरांच्या बाजूने याला एक उत्तर आहे आणि ते दमदार आहे. उन्हात दगड फोडायला जो येईल त्याला काम, या अटीमुळे लाभार्थी निवडण्याचा अधिकार अधिकाऱ्याकडे राहिलाच नाही. गरजू स्वतःच स्वतःला निवडत होता. विवेकाधिकार कमी केला की अफाट व्यवहारांचे कामही आवाक्यात येते. म्हणजे पागे यांची योजना केळकरांच्या कसोटीला छेद देते त्यापेक्षा ती कसोटी कशी वापरावी हे शिकवते. तथापि शाळा आणि दवाखाने यांच्याबाबत ही पळवाट उपलब्ध नाही. तेथे शिक्षकाचा आणि डॉक्टरचा विवेकाधिकार काढून घेता येत नाही, आणि 'थोडी कामे करा' हा सल्ला त्या क्षेत्रांत गरिबांना न परवडणाऱ्या खासगी सेवेकडे ढकलणारा ठरू शकतो. या प्रश्नाला त्या विचारपद्धतीत मला समाधानकारक उत्तर सापडत नाही.

अनुदाने कमी करण्याचा त्यांचा सल्ला गरिबांच्या विरोधात जातो, हा आक्षेप मात्र मला तितकासा पटत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये तूट आटोक्यात आणण्याचे उपाय सुचवणाऱ्या केळकर समितीने सांगितले, की काहीच केले नाही तर २०१२-१३ ची वित्तीय तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ६.१ टक्क्यांवर जाईल. डिझेल, रॉकेल व स्वयंपाकाच्या गॅसचे दर वाढवावेत, हा त्यावरचा उपाय होता. अर्थमंत्रालयाने अहवाल प्रसिद्ध करतानाच गरीब देशात काही अनुदाने अटळ असतात, असे सांगून त्यापासून अंतर राखले, आणि चार महिन्यांनी जानेवारी २०१३ मध्ये डिझेलचे दर दरमहा थोडे थोडे वाढवायला सुरुवात केली. तूट ४.९ टक्क्यांवर थांबली. ऑक्टोबर २०१४ मध्ये, पुढच्या सरकारच्या काळात, डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले. स्वस्त डिझेलचा फायदा एसटीच्या प्रवाशाला होत होता तसाच महागड्या मोटारींच्या मालकांनाही होत होता, आणि एसटीच्या प्रवाशाला मदत करायची तर तिकिटातच करता येते. नियंत्रणमुक्तीनंतर कच्चे तेल स्वस्त झाले तेव्हा केंद्राने उत्पादनशुल्क वाढवून तो फायदा स्वतःकडे वळवला, हा भाग पुन्हा त्या जुन्या वळणाचा. ग्राहकाला बाजारभावाची शिस्त लावली गेली, सरकारला लागली नाही.

केळकरांचा महाराष्ट्रावरचा अहवाल आपल्याकडे जितका वाचला जायला हवा होता तितका वाचला गेला नाही. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांना राज्याच्या सरासरीपर्यंत आणण्यासाठी लागणारा खर्च, सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा काढला, आणि पुढची तीन दशके विदर्भ-मराठवाड्याचे राजकारण त्या शब्दाभोवती फिरले. समतोल प्रादेशिक विकासावरील केळकर समितीने २०१३ मध्ये दिलेल्या आणि डिसेंबर २०१४ मध्ये विधिमंडळापुढे आलेल्या अहवालात अनुशेषाच्या हिशेबापलीकडे जाऊन पाणी, आदिवासी समाज आणि विकासातील एकूण तफावत यांवर भर दिला. विदर्भ-मराठवाड्यातून त्याला विरोध झाला, आणि त्या विरोधात तथ्य होते: अनुशेष हा आकडा निदान विधानसभेत मागता येत होता, 'तफावत' मागायची कशी? नंतर एप्रिल २०२० मध्ये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्रासाठीच्या वैधानिक विकास मंडळांची मुदत संपली आणि अनुशेष मागण्याची जागाही गेली. जुनी मोजपट्टी मोडीत निघाली, नवी वापरात आली नाही.

शहरांचे तसेच झाले. मुंबई महापालिकेचा जकात हा हक्काचा स्रोत वस्तू व सेवा करात विलीन झाला आणि त्याच्या जागी राज्य सरकारकडून येणारी भरपाईची रक्कम आली. केळकरांनी २०१९ च्या एका व्याख्यानात संघराज्याच्या नव्या वित्तव्यवस्थेची मांडणी करताना या करात तिसऱ्या स्तराला, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थांना, हक्काचा वाटा असावा असे सुचवले. तेराव्या आयोगानेही स्थानिक संस्थांचे अनुदान ठरावीक रकमेऐवजी विभाज्य करउत्पन्नाच्या टक्केवारीशी जोडून त्याची सुरुवात केली होती. या सूचनेला आज कोणताही पक्ष हात लावायला तयार नाही, कारण तिच्यात केंद्र आणि राज्य दोघांचेही हात बांधले जातात. महाराष्ट्रात २०२२ पासून कित्येक महापालिका वर्षानुवर्षे प्रशासकांच्या ताब्यात होत्या, आणि त्या काळात अशा वाट्याचा उपयोग कोणाला उत्तर देऊन झाला असता, हा प्रश्नही आहे. म्हणून हा वाटा घटनादुरुस्तीने द्यायचा असेल तर त्याच दुरुस्तीत एक अट घालावी लागेल: निवडून आलेले सभागृह ज्या पालिकेत सहा महिन्यांहून अधिक काळ नसेल, तिचा वाटा रोखला जाईल आणि निवडणुका लांबवणाऱ्या राज्याच्या हिश्श्यातून तेवढीच रक्कम वजा होईल.